मुलांना आभाळ बघायला शिकवायचंय? नाशिककर आईबाबांनी सुरुवात कुठून करायची

मुलं पावसा-वादळाबद्दल जे प्रश्न विचारतात ना, गडगडतं का, गारा कुठून येतात, वादळाला नाव कोण ठेवतं, त्यातल्या निम्म्यांची उत्तरं नाशिकमधे राहून आपल्या गच्चीवरच मिळतात. आपलं शहर या बाबतीत खरंच नशीबवान आहे, पश्चिमेला सह्याद्री, मधून गंगा (म्हणजे आपली गोदावरी), पूर्वेला कोरडा पट्टा, एकाच जिल्ह्यात इगतपुरीसारखं धो धो पावसाचं गाव पण आहे आणि येवला-नांदगावसारखा उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा भाग पण आहे. ज्यांनी यातलं आजवर काहीच केलेलं नाही अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. सायन्सची डिग्री लागत नाही, खर्च एक वही आणि एक रिकामी बाटली. साधारण सहा ते बारा वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवलीत, त्याहून लहान असतील तर फक्त बघणं आणि चित्र काढणं पुरे.

एकच गोष्ट आधी सांगते आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. आधी बघायचं, मग मोजायचं, समजावून सांगणं सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, म्हणजे बाष्पीभवन-सांद्रीभवन पाठ करून घेतो आणि बाहेर जांभळं काळं आभाळ भरून आलेलं असतं तेव्हा मुलाला खिडकीतून आत ओढतो.

पायरी १: वही आणि ठरलेली वेळ

एक जाड वही घ्या, रोज एकच ओळ लिहायची. तारीख, आभाळ कसं, वारा कुठून, पाऊस किती, आणि एक काहीही, म्हणजे "आज मुंग्या अंडी घेऊन चालल्या होत्या" असं पण चालेल. वेळ सकाळी साडेआठची ठेवली तर उत्तम, कारण हवामान खातं पण २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजतं, त्यामुळे पेपरातला आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा शेजारी शेजारी ठेवता येतो. शाळा सकाळची असेल तर मोजायचं काम आजी-आजोबांकडे द्या, त्यांना आवडतं.

आजी-आजोबांवरून आठवलं, त्यांच्याकडे पावसाच्या नक्षत्रांचं एक पूर्ण वेळापत्रक असतं, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. मृग ७-८ जूनच्या आसपास लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत सप्टेंबरच्या शेवटी हस्त, म्हणजे हत्तीचा पाऊस. आपले सण दरवर्षी पुढेमागे होतात पण ही नक्षत्रं इंग्रजी कॅलेंडरच्या जवळजवळ त्याच तारखांना येतात, कारण ती सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे त्यावरून धरतात, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार मजा वाटते. प्रत्येक नक्षत्राचं त्या वर्षीचं वाहन काय आहे, बेडूक की हत्ती की उंदीर, ते पंचांगातून बघून लिहायचं आणि नंतर स्वतःच्या वहीतल्या पावसाशी ताडून बघायचं. खरं निघालं की नाही ते मुलांनाच ठरवू द्या.

पायरी २: डोंगर दिसतोय का?

गच्चीवर जा आणि कुठले कुठले डोंगर दिसतात त्याची यादी करा. सिडको-इंदिरानगरवाल्यांना पांडवलेणीचा डोंगर समोरच आहे, पंचवटी-म्हसरूळकडून चामरलेणी, रामशेज, आणि हवा स्वच्छ असली की त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरी. रोज वहीत लिहायचं की आज काय दिसतंय, काय गायब झालंय.

यातून एक जबरदस्त गणित करता येतं. अंजनेरी समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंच आणि आपलं शहर साधारण ६०० मीटरवर. ज्या दिवशी अंजनेरीचा माथा ढगात गेलेला असतो त्या दिवशी तिथला ढग आपल्या डोक्याच्या ७०० मीटरसुद्धा वर नसतो. ढग म्हणजे खूप लांबचं काहीतरी असं जे मुलांच्या डोक्यात असतं ते तिथल्या तिथे जातं. आणि जुलैत एखाद्या रविवारी अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत नेलं तर ढगात उभं राहिल्यावर अंगाला काय लागतं ते पण कळतं. फक्त पायथ्यापर्यंतच हं, पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन निसरड्या वाटेने वर चढायची काही गरज नाही.

वाऱ्याचं एवढंच, की वारा जिकडून येतो त्या दिशेच्या नावाने ओळखतात, जातो तिकडच्या नाही. गच्चीच्या दांडीला जुन्या ओढणीची पट्टी बांधा. पावसाळ्यात ती बहुतेक वेळ गंगापूर-त्र्यंबकच्या बाजूने शहराकडे उडताना दिसेल, म्हणजे वारा पश्चिमेचा, समुद्रावरचा. दिवाळीनंतर बदल होतो का ते मुलांनाच शोधू द्या.

हवेच्या दाबासाठी कसारा घाट आहेच. मुंबईहून येताना मुंबईतच घेतलेलं चिप्सचं पाकीट न फोडता बॅगेत ठेवा आणि इगतपुरीला बाहेर काढा, टम्म फुगलेलं असतं. आतली हवा तेवढीच, बाहेरचा दाब कमी झाला. काही फोनमधे दाब मोजायचा सेन्सर असतो, त्यात मुंबईत हजाराच्या वर हेक्टोपास्कल दिसतात आणि नाशिकमधे ९४०-९५० च्या आसपास, ते बघून घाबरू नका, वादळ आलेलं नाही, आपण उंचावर राहतो म्हणून.

पायरी ३: बाटलीतला पाऊस

हे काम मे महिन्यातच करून ठेवा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या पण सरळ भिंतीची, मधे कंबर असलेली नको. वरचा भाग जिथे निमुळता व्हायला लागतो तिथे कापा (कापायचं काम मोठ्यांनी करायचं), तोच भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ वरखाली असतो म्हणून तळाशी खडे टाका आणि खडे बुडून वर सपाट होईल इतकं पाणी घाला, तिथे पेनाने शून्याची रेघ मारा. त्या रेघेपासून वर मोजपट्टी चिकटवली की झालं पर्जन्यमापक तयार. पाऊस मिलिमीटरमधेच मोजायचा.

ठेवायची कुठे, तर गच्चीच्या मधोमध, कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, चारी बाजूंनी विटा लावून, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात शेजारच्यांच्या गच्चीवर सापडेल. रोज मोजून झालं की पाणी ओतून परत शून्यापर्यंत आणायचं. पाऊस नसेल तरीही पाणी रोज बदला, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात होतात.

आता आकडे आले की खरी गंमत सुरू होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, तिच्यावर २० मिमी पाऊस झाला तर १८६० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या दोन टाक्या जवळजवळ भरल्या. हे पाणी कुठे गेलं असा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, तुम्हाला काही करावं लागत नाही.

हवामान खात्याच्या भाषेत दिवसाला २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. ६४.५ पासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, आणि २०४.५ च्या पुढे म्हणजे टोकाचा. बाटलीवर या रेघा वेगवेगळ्या रंगांनी मारून ठेवा. बातम्यांमधे "मुसळधार" ऐकलं की मुलं बाटलीकडे धावतात आणि "आई, आपल्याकडे तर बारासुद्धा नाही झाला" असं सांगतात, आणि तेव्हाच इगतपुरीचा विषय काढायचा.

इगतपुरी आपल्यापासून ४५ किलोमीटरच्या आसपास. तिथे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास आणि येवल्याकडे अजून कमी. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीला आपटून वर चढते, वर गेली की गार होते, गार झाली की पाणी सोडते, आणि घाट ओलांडून आपल्याकडे उतरेपर्यंत बरीचशी रिकामी झालेली असते. जमिनीवर वाळूचा डोंगर करून, एका बाजूने स्प्रे मारून दाखवता येतं, पण मला विचाराल तर जुलैत इगतपुरी-नाशिक-सिन्नर असा एक दिवसाचा प्रवासच करा. दोन-तीन तासांत डोळ्यांदेखत हिरवा रंग फिका होत जातो, त्याच्यापुढे कुठलाही प्रयोग कमीच.

इगतपुरी, सिन्नर, निफाड, मालेगाव असे कुठे नातेवाईक असतील तर तिथल्या भावंडांना पण एकेक बाटली करायला लावा आणि रविवारी फोनवर आकडे विचारा. हे सगळ्यात जास्त टिकतं, कारण चढाओढ लागते.

पायरी ४: गडगडाटाची भीती

बऱ्याच मुलांना विजेच्या आवाजाची खूप भीती वाटते, आणि "घाबरू नको रे, काही नसतं" असं सांगून ती जात नाही, कारण काहीतरी असतंच. वीज खरोखर धोक्याची असते आणि मुलाला ते कळत असतं. त्यापेक्षा त्याच्या हातात काम द्या, मोजायचं.

वीज चमकली की लगेच मोजायला सुरुवात, एक गोदावरी, दोन गोदावरी, तीन गोदावरी असं म्हटलं की साधारण एकेक सेकंद होतो. गडगडाट ऐकू आला की थांबा आणि आलेल्या आकड्याला तीनने भागा, तितके किलोमीटर लांब वीज पडली. प्रकाश लगेच पोचतो पण आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्टँडपासून, नाशिकरोड स्टेशन साधारण नऊ किलोमीटर, म्हणजे स्टेशनजवळ कडाडलेली वीज सीबीएसला सव्वीस-सत्तावीस सेकंदांनी ऐकू येणार. आकडे ओळीने वहीत लिहिले की १८, १५, ९ असे कमी होत जातात तेव्हा वादळ जवळ येतंय आणि वाढायला लागले की लांब चाललंय. भेदरून पांघरुणात शिरलेलं पोर हळूहळू डोकं बाहेर काढून मोजायला लागतं. सगळ्यांचं होतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं होतं. ज्याचं होत नाही त्याला जवळ घेऊन तुम्ही मोजा, जबरदस्ती नको.

गडगडतं का, याचं सोपं उत्तर असं की विजेच्या वाटेतली हवा एका क्षणात इतकी तापते, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कितीतरी जास्त, की ती स्फोटासारखी फाकते आणि त्याचा आवाज होतो. ढगात वीज तयार कशी होते ते हिवाळ्यात दाखवा, पावसाळ्यात नाही, कारण या प्रयोगाला कोरडी हवा लागते. जानेवारीत कोरड्या केसांवरून प्लास्टिकचा कंगवा जोरात फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारतात, आणि अंधारात लोकरी स्वेटर काढताना बारीक चटचट होतं ती पण वीजच. ढगात हेच काम बर्फाचे कण एकमेकांवर घासून करतात.

पायरी ५: विजेचे नियम, आणि त्यांची तालीम

ही पायरी टाळू नका प्लीज, बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

चमक आणि आवाज यात ३० पेक्षा कमी आलं, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, की लगेच आत यायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर जायचं नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर मॅच कितीही रंगात असू दे. झाडाखाली कधीच थांबायचं नाही, पत्र्याच्या शेडखाली आणि होर्डिंगखाली पण नाही. पक्की इमारत किंवा काचा वर केलेली बंद गाडी चालते, टू व्हीलर आणि उघडी रिक्षा चालत नाही. पायात रबरी चप्पल आहे म्हणून वाचतो हा गैरसमज आहे. मोबाईलमुळे वीज ओढली जाते हेही खरं नाही, पण चार्जिंगला लावलेला फोन त्या वेळी हातात घ्यायचा नाही. घरात असलो तर आंघोळ, भांडी, नळ सगळं थांबवायचं आणि खिडकीच्या लोखंडी ग्रिलला टेकून बघत बसायचं नाही. हे शेवटचं मुलं हमखास विसरतात, कारण बघायची हौस असते, म्हणून बघायची जागा ठरवून द्या, काच बंद, ग्रिलपासून हातभर मागे.

मामाच्या गावाला, निफाड-दिंडोरीकडे जात असाल तर एक जास्तीचा नियम, द्राक्षबागेच्या तारांना गडगडाट चालू असताना हात लावायचा नाही, वीज लांब पडली तरी तारेतून येऊ शकते. आणि कुणाला वीज लागलीच तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावता येतो, १०८ ला फोन करून लगेच मदत करायची. भीतीपोटी लोक लांब उभे राहतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

तालीम म्हणजे काय, तर मेमधे एका कोरड्या संध्याकाळी खेळता खेळता अचानक "वीज!" असं ओरडायचं आणि मुलांनी सुरक्षित जागा शोधायची. कोण झाडाकडे पळतं ते लगेच दिसतं.

पायरी ६: गारा

नाशिकच्या मुलाला गारा म्हणजे नुसती मजा असं शिकवणं मला पटत नाही. वेचून खाव्याशा वाटतात हे ठीक, पण नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाडकडे गारपिटीने द्राक्षबागांचं काय झालं ते त्याच्या वर्गातल्या कुणाच्या तरी घरी माहीत असतंच. दोन्ही बाजू सांगा.

गार पडायची पूर्ण थांबली, गडगडाट शांत झाला, की एक-दोन मोठ्या गारा वाटीत घेऊन लगेच फ्रीजरमधे ठेवा. मग एक पटकन सुरीने मधे कापा, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, एक पांढरा, एक काचेसारखा. ढगात वर जाणाऱ्या जोरदार हवेने ती गार उचलून धरलेली असते, थंड पाण्याचे थेंब तिच्यावर थिजत जातात, आणि हवेला पेलवेना इतकी जड झाली की खाली येते. मोठी गार म्हणजे आत हवेचा जोर जास्त. उन्हाळ्याच्या दुपारी उंच वाढत जाणारा, वरून ऐरणीसारखा सपाट पसरलेला ढग दिसला तर तोच, त्याची उंची बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत जाते.

पायरी ७: चक्रीवादळ

यूट्यूबवर अमेरिकेतले टोर्नेडो बघून मुलं घाबरतात की आपलं घर उडेल. त्यांना तीन गोष्टी वेगळ्या करून द्या. उन्हाळ्यात मैदानात धूळ आणि पालापाचोळा गरगरत जातो ती वावटळ, काही मीटरची. मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटून ढग फुटतो ते वळवाचं वादळ, काही किलोमीटरचं, तासा-दोन तासांत संपणारं. आणि चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटरचं, दिवसेंदिवस चालणारं.

आपल्याकडचं उदाहरण निसर्ग, ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता, आणि तिथून ईशान्येकडे, म्हणजे आपल्याच दिशेने सरकलं. नाशिकपर्यंत येताना त्याचा जोर बराच उतरला होता. का उतरला, हा प्रश्न मुलांना घाला आणि उत्तर लगेच सांगू नका. चक्रीवादळाचं इंधन म्हणजे कोमट समुद्र, साधारण २६-२७ अंशांच्या वरचं पाणी, जमिनीवर आलं की इंधन बंद.

नावं १३ देश मिळून देतात, निसर्ग हे बांगलादेशने दिलेलं, गती आणि तेज ही भारताने दिलेली. अरबी समुद्राचा नकाशा छापून घ्या आणि पुढचं वादळ येईल तेव्हा बातम्यांमधले अक्षांश-रेखांश रोज एक ठिपका करून जोडा. दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून पाण्याचा भोवरा करायचा प्रयोग छान दिसतो, करा, पण तो आपण फिरवू तसा फिरतो, आणि आपल्या गोलार्धातलं चक्रीवादळ मात्र नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरतं, हा फरक सांगून ठेवा.

पायरी ८: गंगेचं पाणी

गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती हा नाशिककरांचा पूर मोजायचा खांब आहे. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, बुडाला, असंच आपण बोलतो. मुलांना तिथे फेब्रुवारीत न्या, कोरड्यात. खाली उभं राहून वर बघू द्या, मारुतीचा अंदाजे किती मीटरचा भाग कुठे येतो ते वहीत चित्र काढून लिहू द्या. पूर आलेला असताना मुलांना घेऊन घाटावर जाऊ नका, पुलावर तर नाहीच, त्या दिवशी टीव्हीवर बघायचं आणि वहीतल्या चित्रावर रेघ मारायची.

बातमीत "गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग" असं येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला. हे गणित वहीत केल्यावर पोरं पुराच्या पाण्यात पाय घालायचं नाव काढत नाहीत. आणि हे पण नीट सांगा, की शहरात ऊन असलं तरी वर त्र्यंबककडे पाऊस पडून धरणातून पाणी सुटू शकतं, त्यामुळे सोमेश्वरच्या धबधब्याशी किंवा घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर ऊन बघून निर्धास्त व्हायचं नाही.

नकाशा काढलाच आहे तर नदीवर बोट ठेवून जा. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस ब्रह्मगिरीवर पडतो, आणि तो समुद्र इतका जवळ असूनही गोदावरी त्याच्याकडे पाठ करून जवळजवळ १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

पायरी ९: उद्याचा अंदाज

महिनाभर वही भरली की रात्री जेवताना प्रत्येकाने उद्याचा अंदाज सांगायचा, पाऊस हो की नाही आणि हो तर किती मिलिमीटर. सकाळी बाटली बघून गुण द्यायचे. अंदाजाला कारण सांगितलं तर एक गुण जास्त, "वाटलं" हे कारण नाही, "अंजनेरी संध्याकाळीच झाकली गेली" हे कारण.

त्यानंतरच फोन द्या. मौसम ॲपवर हवामान खात्याचा अंदाज आणि रंग दिसतात, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, आपल्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं, तुमच्या मोजलेल्या गोदावऱ्या त्याच्याशी ताडून बघता येतात. फ्रीजवर ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ मोठ्या अक्षरात लिहा आणि नंबर मुलांच्या तोंडी असू द्या.

रेड अलर्टच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर "उद्या शाळांना सुट्टी" असा मेसेज फिरतोच, कधी मागच्या वर्षीचा असतो तर कधी दुसऱ्याच जिल्ह्याचा. तो मुलांनाच तपासायला द्या, तारीख कुठली, जिल्हा कुठला, खाली जिल्हाधिकाऱ्यांचं नाव-पद आहे का, आणि शाळेच्या ग्रुपवर आलंय का. तोवर दप्तर भरून ठेवायचं.